सात नंबर

पोर्णिमा, हा सेट आजपासून तुझा.
रेवंताचा होता. थे आता पोरीकडं गेली, हिंगण्याले.
मांगं रबर गुंडाळलं आहे, थे काढू नोको.
झाकणाची खुटी तुटली मागच्या मोहात,
रबर काढलं का बॅटरी मातीत.

चार्जिंगले जेवणाच्या आधीच लाव.
आपली लाइन नवाले जाते, कवा येईन
थे लाइनमनच्या बायकोलेही ठाव नाही.
हिरवा दिवा लागला का काढ.
लालच असन तर मले उठव,
माझ्याकडं एक जास्तीची आहे, पिठाच्या डब्यावर.

वरचं बटण फिरव. आतली बाई इंग्रजीत आकडे बोलते,
सात म्हणली का थांब.
सातवर आपण अकरा जणी. आठवर पलीकडच्या टोलीच्या.
नऊवर नैताम गार्ड. त्याले उगाच हाक मारायची नाही,
पण थोच आला सातवर
तर टोपलं तसंच टाकून उठायचं.

तपास आंगणात कर.
जंगलात जाऊन तपासशीन
तर तपासून का करशीन?

आता बोलणं.
बटण दाब. एक श्वास थांब. मंग तोंड उघड.
नवीन बाया दाबता दाबताच बोलतेत,
पहिला शब्द आतच रायते.
शेवंता म्हणली, "नोको येऊ इकडं!"
आमाले ऐकू आलं, "येऊ इकडं?"
आमी म्हणलं, "ये ना वं, पानसुपारी आहे."
थे दिवस हासण्यावारी गेला.
सगळेच जात नाही.

तोंडापासून चार बोटं लांब. ओरडू नोको,
ओरडलं का आवाज फाटते, जुन्या ताडपत्रीवानी.
जिले हाक मारायची थिचं नाव पयले, आपलं मंग.
दांडी आभाळाकडं पायजे. दांडीले धरून सेट उचलू नोको,
थे काही चहाच्या भांड्याचा कान नोहे.
नाल्यात उतरली का तू आमच्यासाठी मेली,
म्हणून उतरण्याआधी सांग, चढल्यावर सांग.
काहीच ऐकू येत नसन तर तलावाच्या पाळीवर जा,
तिथून टेकडीपलीकडचंही येते.

अन् हे बटण.
लहानूबाईचं दबलं होतं, टोपल्याखाली, मोहाच्या ओझ्यानं.
एकीचं दबलं का दहा जणींचं तोंड बंद,
कोणालेच बोलता येत नाही, ऐकाच फक्त.
आमी ऐकलं.
थे मोहाच्या झाडासंगं बोलून रायली होती,
पोरगा दिवाळीपासून फोन करत नाही म्हणून,
सुनेचं नाव घेतलं, मंग म्हणली, जाऊ दे,
थिचीही तब्येत बरी नसन.
मंग खूप वेळ नुसती फुलं पडायचा आवाज.
मी पळत गेलो, टोपलं सरकवलं.
थिले वाटलं, पाणी मागाले आलो.
पाणी पेलो मी. तहान नव्हती.

कोणी काही बोललं नाही थिले. आजवर नाही.
पण दर अर्ध्या तासाले कोणी ना कोणी विचारते,
"लहानूबाई, आवाज येते का?"
थे म्हणते, "येते ना, बयरी आहो का मी!"
तूही विचारत जा. थिले कारण सांगू नोको.

बाकी, लग्नाच्या गोष्टी सातवर नाही.
चिल्लर भांडण नाही. व्यापाऱ्यानं भाव का देल्ला थेही नाही,
थे बांधावर बसून.

अन् जनावर जवळ असन,
बोलणं होत नसन,
तर आवाज बारीक कर, नुसतं बटण दाब.
दोनदा. खट्, खट्.
आमाले बाकीचं समजते.
आमी एकमेकींची नावं घेत मोजतो,
जे नाव उत्तर देत नाही
तिकडं सगळ्या निंघतो, काठ्या अन् डबे घेऊन.

चल, दाखव करून.
आंगणाच्या त्या कोपऱ्यात जा, गोठ्यामांगं.
बोलू नोको.
मी मोजून रायलो.