पहिलं बरं की दुसरं?

न्यू मॉल्डनच्या हाय स्ट्रीटवर माझं चष्म्यांचं दुकान.
आधी इथे खाटीक होता; दमट दिवसांत
भिंतीतले आकडे अजून गंजाचे ओघळ सोडतात.
शेजारी कोरियन बेकरी, समोर कोरियन वाणी,
त्याच्या दारात कोबीची थप्पी.
लंडनच्या या चार गल्ल्यांत एक अख्खा देश राहतो.
म्हणजे दोन.

नोंदींचे खण इंग्रजी अक्षरांचे.
मिसेस ली ‘एल’मध्ये, मिस्टर री ‘आर’मध्ये.
मला वाटायचं, कुळं वेगळी.
री यांची नात म्हणाली, आडनाव एकच हो,
जुन्या लिपीत काढलं तर एकच झाड, आलुबुखारचं.
उत्तरेत पुढचा ‘र’ म्हणतात, दक्षिणेत गिळतात.
मी चिठ्ठीवर रोज लिहिते: आर म्हणजे उजवा, एल म्हणजे डावा.
डाव्यांच्या राज्यातून पळालेला माणूस
इतकी वर्षं माझ्या उजव्या खणात.

दोघांनाही साखर.
दोघांच्या डोळ्यांत थेंब घालून
एकाच बाकावर बसवलं. दुसरा बाक नाही.
बाहुल्या रुंदायला अर्धा तास लागतो.
तिकडे, फार दूरच्या एका कचेरीत,
रात्री नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढायला
म्हणे तेवढाच वेळ लागला होता.

धूसर झालं तसे दोघे बोलू लागले.
तिला त्याचे धर्मादाय दुकानातले बूट दिसेनात,
त्याला तिच्या बोटातलं सोनं.
नात कोपऱ्यातून मला कुजबुजत सांगत होती.
त्याचा जन्म केसाँगचा. हिची आईही तिथलीच.
पहिली रेघ पडली तेव्हा गाव अलीकडे होतं,
लढाई थांबली तेव्हा पलीकडे.
गाव जागचं हललं नाही;
दोन दांडग्यांनी गोधडी ओढावी तशी
रेघ त्याच्या अंगावरून सरकत गेली.

मग सूप निघालं. थंडीतलं,
तांदळाच्या पिठाचे गोळे कमरेत चिमटलेले,
इंग्रजी आठासारखे.
त्याने हवेत चिमटा घेऊन दाखवला.
तिनेही, त्याच वेळी.
कुणालाच कुणाचा हात दिसला नाही.

आणि त्याच्या तोंडून शब्द गेला: दोंगमू.
“माझा एक दोंगमू होता, नदीत पोहायला शिकवणारा.”
जुन्या भाषेत याचा अर्थ सवंगडी.
पुढे उत्तरेने त्याचा कॉम्रेड केला
आणि दक्षिणेत मुलांनी तो
खेळतानासुद्धा उच्चारायचा सोडला.
मिसेस लींच्या मामाला ज्या रात्री नेलं
त्या रात्रीच्या कागदावर म्हणे हाच शब्द होता.
त्यांनी पर्स मांडीवर घेतली.
उरलेली दहा मिनिटं
फक्त बेकरीच्या भट्टीची घरघर.

नंबर काढायला पुढच्या मंगळवारी बोलावलं.
वेळा मुद्दाम वेगळ्या दिल्या होत्या.
आले एकदमच.

मिसेस ली परीक्षेला बसल्यासारख्या,
काच फिरायच्या आत उत्तर.
मिस्टर री गप्प.
पहिलं बरं, की दुसरं?
यंत्राच्या भिंगांआडून ते
माझा चेहरा शोधत होते.
“तुम्हाला कुठलं ऐकायचंय, ते बघतायत,” नात म्हणाली.
दिवसातून चाळीसदा विचारते मी हे वाक्य,
चहा घेणार का, इतक्या सहज.
म्हटलं, आजोबा, यात चूक उत्तर नसतं.
नातीने सांगितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

दार किलकिलं होतं.
बाहेरच्या बाकावरून मिसेस ली काहीतरी बोलल्या,
खडसावल्यासारखं, मोठ्याने.
नातीने भाषांतर केलं नाही.
पण त्यातला एक शब्द
मला आता ओळखीचा होता.

काच मी तशीच
हातात धरून ठेवली.