आठ पिळांची दोरी

आमच्याकडे मुलीचं वय मीटरांत मोजतात.
वर्षाला तीन.
सहाव्या वर्षी अठरा मीटर, सातव्या वर्षी एकवीस.
मुलग्यांना वर्षाला चार. ते का,
हे सोलोंगोनं एकदा विचारलं होतं;
मी ट्रकखाली होतो, ऐकू आलं नाही असं केलं.

धनुष्य माझ्या मामानं केलेलं:
मध्ये बर्च, पोटाला शिंग, पाठीला स्नायूंचे धागे,
माशाच्या सरसानं एकजीव.
मी ते फक्त वाढवत आलो.
खरं तर धनुष्य वाढत नाही.
दोरीला एक पीळ घातला
की ती मुठीपासून केसभर लांब जाते,
ताण चढतो.
पीळ काढला की मऊ.

दर वसंतात धुळीची वादळं ओसरली
की तिला तंबूच्या दाराशी उभी करायचो,
बाणाचं मागचं टोक छातीच्या खळीला,
दोन्ही हात पुढे ताणलेले.
बोटांपुढे बाण चार बोटं उरायला हवा.
एका वर्षी दोनच उरला, पुढच्या वर्षी नखाएवढा.
मग नवे बाण, नवी गिधाडाची पिसं,
अंगठ्याला नवं चामडं.
ती श्वास धरून उभी राहायची,
सोडला तर उंची सांडेल जणू.

पिळांचं मात्र मी कुणाला बोललो नाही.
जिथे दहा लागले असते तिथे मी आठ ठेवले.
पोरीचा खांदा कोवळा आहे, असं ओयूनाला म्हणालो असतो,
तिनं विचारलं असतं तर.
कोळसा घेऊन मी सीमेवरच्या रांगेत असतो,
पाच-पाच दिवस ट्रक जागचा हलत नाही,
आणि रात्री केबिनमध्ये वाटायचं,
मी परतेपर्यंत
घरातलं एक काहीतरी तेवढंच राहावं.

या जूनमध्ये परतलो.
दारात तिचं कपाळ चौकटीला लागत होतं.
धनुष्य खाली काढलं, दोरी उतरवली,
सवयीनं नखानं पीळ मोजले.
अकरा.
दुसऱ्या टोकाकडून मोजले.
अकरा. आणि मेणाचा ताजा वास.

ती चुलीशी, पाठमोरी, चहात मीठ टाकत होती.
"कधी?"
"मार्चमध्ये.
बाण अलीकडेच पडायचे, बाबा.
मला वाटलं, मीच कमी पडतेय."
थोड्या वेळानं,
"मग मोजून बघितले."
एवढंच. चहा ओतला, माझा वाडगा आधी.
ओयूना दुधाची बादली ठेवता ठेवता म्हणाली,
पीळ कुणाचा आहे ते विचारायला नको.

नादामच्या मैदानावर छत्तीस मीटर.
मी पावलांनी मोजत गेलो,
शेवटचं पाऊल मागे घेतलं, पुन्हा टाकलं,
अखेर कुणीतरी टेप आणला.
मला लक्ष्याच्या बाजूला उभं केलं,
हात वर करून कौल देणाऱ्यांत.
तिथून पोरीचा चेहरा दिसत नाही.
निळा ठिपका,
मग हवेत एक रेघ,
मग चामड्याच्या डब्यावर टप्प.
आम्ही हात उंचावून लांब सुरात "ऊखाय" म्हणतो;
माझा सूर मध्येच खरखरला.
धूळ, मी शेजारच्याला सांगितलं.
वीसांतले किती लागले ते सांगत नाही,
ती रागावेल.

आता तिच्यासाठी मोठं धनुष्य आलंय.
जुनं मागायला परवा शेजारचा दुल्गून आला,
सहा वर्षांचा, वाहतं नाक, बाही ओली.
मी दोरी घेऊन बसलो,
एकेक पीळ सोडत गेलो,
अकरा, दहा, नऊ.
"किती ठेवू?" तिला विचारलं.
ती दुल्गूनच्या छातीशी बाण लावून
त्याचे हात पुढे ओढत होती.
"थांब," म्हणाली,
"आधी त्याला ओढू तर दे."