चालू इंजिन

कालिम्नोस बेटावरच्या शाळेत, वरच्या मजल्यावर,
दहावीच्या वर्गाला मी एकोणीस वर्षं
अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक नाटक शिकवते आहे.
भाषा आमचीच,
म्हणजे आमच्या खापरपणजीच्या खापरपणजीची.
मुलं ती मासा खाल्ल्यासारखी वाचतात,
काटे बाजूला काढत, काढत,
आणि शेवटी ताटात नुसते काटेच.

या वर्षी बेकरीवाल्या नोमिकीकडून
पाव गुंडाळायच्या कागदाचं भेंडोळं आणलं,
बाकं सरकवून जमिनीवर उलगडलं.
म्हटलं, पुस्तकं मिटा. चौकोन आखा.
डोळ्यांना दिसेल तेवढंच काढायचं.

सेवास्तीनं वृंद काढला:
पंधरा म्हातारे नव्हेत, धक्क्यावरच्या पंधरा मांजरी.
काही करत नाहीत, सगळं पाहतात,
आणि बोट लागली की एकदम उठून उभ्या राहतात.
पुस्तकातल्या चार पानी टिपेपेक्षा
मला हे पटलं. तसं बोलले मात्र नाही.
मिकेसनं राणीच्या हातात मोबाइल दिला,
मग खोडला,
मग कानाशी नेलेला रिकामा हात तसाच राहू दिला.

पुढे पाचवा प्रवेश.
"इथे राजपुत्र बुडतो," मी म्हटलं,
"पण रंगमंचावर नाही.
इथे कुणी डोळ्यांदेखत मरत नाही.
निरोप्या येतो. सांगतो. नव्वद ओळी."
"मग काढायचं काय?" मिकेस वैतागला,
"लाट नाही, फुटलेली बोट नाही,
नुसता बडबडणारा माणूस?"
माझ्याकडे उत्तर होतं, दरवर्षीचं,
खडूच्या तुकड्याएवढं झिजलेलं.

तेवढ्यात थेमेलिसनं कागद स्वतःकडे ओढला.
वर्षभरात चकार शब्द न बोललेला मुलगा.

रस्ता.
रस्ता, आणि लांबवर ठिपका.
कुत्रा कान टवकारतो.
मांजरी (सेवास्तीच्याच, न विचारता उचललेल्या) माना वळवतात.
मग राजवाड्याच्या दारात एक स्कूटर.
वर्ग फिदीफिदी हसला.
स्कूटरच्या नळीतून धुराचे तीन गोळे.
पुढच्या चौकोनात तीच स्कूटर, तेच तीन गोळे.
त्याच्याही पुढच्यात तेच,
फक्त दार उघडलेलं.

"धूर का अजून?" सेवास्तीनं विचारलं.
तो कोळशानं काळ्या झालेल्या बोटांकडे बघत म्हणाला,
"वाईट बातमी आणणारा इंजिन बंद करत नाही.
साकेल्लारीसकाकानं नव्हतं केलं."

गेल्या हिवाळ्यात कुठली स्कूटर
कुठल्या दारात थांबली होती
हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.
मी पुस्तक उघडलं, कारण दुसरं काही सुचेना,
आणि नव्वद ओळी मोठ्यानं वाचत सुटले.
पहिल्यांदाच ऐकू आलं,
हा माणूस मध्ये कुठे श्वासच घेत नाही.
एक पाय जमिनीला टेकवून बोलतोय,
मुठी हँडलवर,
आत्ता निघतो, आत्ता निघतो असं म्हणत
शेवटच्या फळकुटापर्यंत सगळं सांगतो आहे.

जूनच्या परीक्षेत प्रश्न आला:
निरोप्याचे नाटकातील कार्य स्पष्ट करा. गुण दहा.
थेमेलिसनं अडीच ओळी लिहिल्या.
मी चार दिले. नियम म्हणजे नियम.
तो चार तीन दिवस माझ्या जेवणात होता.

भेंडोळं आता माझ्या घरी, फ्रिजवर.
उन्हानं तापलं की त्याला अजून पावाचा वास येतो.
संध्याकाळी स्कूटरी चढ चढून येतात,
एखादी माझ्या खिडकीखाली थांबते.
हातातली सुरी तशीच धरून मी ऐकते.

इंजिन बंद होतं.
जिन्यात पावलं.
कुणीतरी अंजिरं आणली आहेत.