रिकाम्या घराचं दार

आमच्या गल्लीत आता
माणसांपेक्षा किल्ल्या जास्त.
ओमदुरमान सोडताना ज्यानं त्यानं
आपली किल्ली हसबूकाकांच्या हातावर ठेवली.
कुणी कैरोला गेलं, कुणी पोर्ट सुदानला,
कुणी नुसतंच "पुढं".
एकोणीस किल्ल्या.

काकांना अक्षर येत नाही.
हयात गेली लॉऱ्यांच्या टपावर बोजे आवळण्यात,
म्हणून किल्लीकिल्लीला सुतळी,
आणि सुतळीसुतळीला वेगळी गाठ.
ही शिंप्याची. ही त्या दोघी बहिणींची.
ही सुरगाठ सलवाची;
तिच्या कबुतरांना मूठभर ज्वारी, दिवसाआड.

मी भूगोल शिकवायची, शाळा होती तेव्हा.
तोफ कुठल्या पुलापलीकडून बोलते
ते मी नकाशावर बोट ठेवून सांगेन.
देवाचं ठिकाण मात्र
हरवलं त्याला दोन उन्हाळे झाले.
आईची जपमाळ मी ज्वारीच्या डब्यात ठेवली आहे,
कडुलिंबाचा पाला ठेवतात तशी,
निदान किडे तरी लागू नयेत.

ऊन कललं की काका निघतात.
घागर धरायला मी.
पाणी गाढवाच्या गाडीवरून विकत येतं,
पिंपाचा भाव विचारू नका.
त्यातलं तांब्याभर एकेका अंगणातल्या लिंबाला.

काका प्रत्येक दार आधी वाजवतात.
आत कुणी नसतं. गेल्या वर्षापासून नाही.
तरी तीनदा टकटक, "अस्सलामु अलैकुम",
आणि मग थांबतात,
आतल्या माणसाला उठून दारापर्यंत यायला
लागेल तेवढा वेळ.
मग किल्ली.

शिंप्याच्या घरावर गोळा पडला.
उरली ती चौकट.
काकांनी चौकट वाजवली.
मी चिडले. म्हटलं, काका, फेका आता ती किल्ली.
म्हणाले, "घर पडलं गं.
शिंपी कुठं पडलाय?"

आणि परवा, सलवाच्या दारात,
टकटक, सलाम,
आणि आतून उत्तर आलं.

मी दोन पावलं मागे.
काका मात्र, सलामाला सलाम मिळाल्यावर
माणूस हसतो तसे हसले.
किल्ली लावलीच नाही.

कडी निघाली. एक बाई, दोन पोरं.
दूर पश्चिमेकडून, जनीनाहून आलेली,
मागच्या भिंतीवरून उतरलेली,
पायांना चिंध्या.
"जातो आम्ही," ती म्हणाली, "काही नेलं नाही."
मग थांबून, मान खाली घालून,
"पोरांनी कबुतरांची ज्वारी खाल्ली."

नेटवर्क मशिदीच्या गच्चीवर मिळतं,
मिळालं तर.
काका गुडघे धरत जिना चढले.
मी नंबर लावला, कैरोत सलवानं उचलला.
त्यांनी सगळं सांगितलं, ज्वारीसकट.
पलीकडे काही नाही.
इतका वेळ काही नाही
की मला वाटलं लाइन गेली.
मग ती म्हणाली,
"ब्लँकेटं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.
मोरीतला नळ उलटा बसलाय.
कधी पाणी आलंच तर
डावीकडे फिरवून बंद करायचा, सांगा तिला.
आणि रात्री वर घुं घुं आवाज येतो,
पोरं घाबरतील.
सांगा, कबुतरंच आहेत."

काकांनी तिथंच, गच्चीवर,
सुरगाठीचं टोक ओढलं.

आता अठरा.
त्या दाराशी अजून रोज टकटक असते,
आता आतून चहा येतो, बिनसाखरेचा.

मी जपमाळ डब्यातून काढलेली नाही.
श्रद्धाबिद्धा विचाराल तर सांगता येणार नाही.
पण काल रात्री,
नदीपलीकडे पुन्हा सुरू झालं तेव्हा,
अंगणातल्या खाटेवर मी उठून बसले,
आणि दोन वर्षं जिकडे कुणीच नाही असं मानत होते
तिकडे तोंड करून
खाटेच्या लाकडावर तीनदा वाजवलं.

आणि थांबले.
उठून दारापर्यंत यायला
लागेल तेवढा वेळ.