रकाना सातवा

अक्कोळ रोडच्या वखारीत तंबाखू नाही आता,
वास आहे.
त्या वासात दोन गाड्या, एकाच ताडपत्रीखाली,
आणि ताडपत्रीच्या दोन टोकांना दोन वारस:
निपाणीतच राहिलेला मृगेंद्र,
बंगळूरहून आलेली त्रिशला.
वाटणी सारखी व्हावी म्हणून मला बोलावलंय.
मी बेळगावचा सर्व्हेअर. तक्ता सोबत आणलाय.

डावीकडे शेवरलेट, सत्तावन्नची.
आठ सिलिंडर. मागे दोन शेपट्या.
पेट्रोलचं तोंड डाव्या शेपटीच्या क्रोमखाली लपवलेलं,
पंपावरची पोरं अजून शोधत बसतात.
उजवीकडे स्टुडबेकर, एक्कावन्नची.
सहा सिलिंडर, आणि समोर विमानाचं नाक,
पंखा घरी विसरलेल्या विमानाचं.

रकाना तीन: कामगिरी.
दोन्ही तवंदी घाटात नेल्या.
शेवरलेटनं पान लावायच्या आत घाट संपवला,
न खोकता, उसाचे तीन ट्रॅक्टर मागे टाकून.
मृगेंद्रनं बॉनेटवर थाप मारली,
शर्यत मारलेल्या बैलाला मारतात तशी.
स्टुडबेकर मागून आली हिशेब करत करत,
लिटरला चार किलोमीटर वाचवत.
मधल्या वळणावर ट्रॉली आडवी झाली. चढ उभा.
भरमा मिस्त्रीनं क्लच दाबून धरला,
ब्रेकवरचा पाय काढला
आणि स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी तंबाखू मळली.
गाडी तसूभर मागे सरली नाही.
"चढावर धरून ठेवतीया ही," तो म्हणाला,
"शेवरलेटला दगूड लावाय लागतोय की ओ चाकामागं."
थांबण्याला गुण द्यायचा रकाना
माझ्या तक्त्यात नाही.

रकाना पाच: बाजारभाव.
शेवरलेटचे सुटे भाग अजून घडतात, मागवले की येतात.
पुण्याचा एकजण आकडा सांगून बसलाय,
कोल्हापूरचा त्याच्यावर दोन लाख.
स्टुडबेकरची कंपनीच मिटली, आमच्या जन्माआधी.
दुर्मीळ, हो.
पण दुर्मीळ म्हणजे महाग नव्हे,
दुर्मीळ म्हणजे दोनच गिऱ्हाइकं
आणि त्यातलं एक नुसतं बघायला येणारं.
तिचे बुश उद्यमबागेतल्या लेथवर कातलेले;
भरमा जुना तुकडा खिशात घालून एसटीनं गेला होता.
मूळ भाग नाहीत, म्हणून वजावट.

रकाना सात: अंतर्भाग.
शेवरलेटचं रेक्झिन नवं, लालभडक. वजावट.
स्टुडबेकरचं कापड मूळ. जमा.
मागच्या सीटवर डाग, ताटाएवढा, तांबूस.
"हा कसला?"
भरमा टायरकडं बघत राहिला.
"थोरल्या मालकांनी दोनदा सांगितलं, कापड बदल.
मी न्हाई बदललं.
आई हितंच पानं निवडायची. मिरजेच्या दवाखान्याला
मालकच घेऊन निघालं होतं,
अंकलीच्या अलीकडंच मी आलो."
मग जरा वेळानं,
"काय लिहूलालाय ओ साहेब?"

डाग: मूळ, असं लिहिलं.
वजावटीच्या जागी पेन तसाच धरून ठेवला,
मागे सरू न देता.

बेरीज केली. शेवरलेट अकरा लाखांनी वर.
त्रिशला म्हणाली, "मला नाकवाली."
आणि वरचे अकरा?
ती भरमाला विचारत होती, क्लच शिकवाल का.
मृगेंद्र कापडानं क्रोम पुसत होता,
त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.

परतताना शर्टाला तंबाखूचा वास.
बिल कुणाच्या नावानं करायचं,
तेवढं विचारायचं राहिलं.