शांती असो, म्हणताना

यंदा तारा माळ्यावरच राहिला.
बांबूच्या काड्या, पतंगी कागद, आत पंधराचा बल्ब.
दरवर्षी शांतवन लावायचा स्टुलावर चढून,
नाव शांतवन, आणि घरात सगळ्यात मोठा आवाज त्याचा:
"धर नीट! पडलो तर नाताळ मेडिकलमध्ये."
जुलैत तो मेडिकलमध्येच गेला,
न पडता.

तेवीसला कॅरोलवाली पोरं आली.
मी दिवा मालवून बसले.
ती शेजारी भोयरांच्या दारात गायली.
पेटीचा एक सूर अजून चिकटलेलाच,
भिंतीपलीकडूनही ओळखू आला
आणि राग आला, की कुणी दुरुस्त केला नाही.
(शांतवन करणार होता.)

चोवीसला लोईस काकूंचा फोन.
वाटलं, आता वचन ऐकवतील.
त्या म्हणाल्या, "दहा लिटरचा थर्मास तुझ्याकडं आहे न?"
पाठवते, म्हटलं.
पण त्याची तोटी गळते,
आणि ती कुठल्या कोनात धरायची
हे दोघांनाच ठाऊक होतं,
आता एकटीला.
म्हणून गेले. एवढ्याचसाठी.

मेडिकलचं आवार, रात्रीचे दहा,
नागपूरची कोरडी थंडी, कानाच्या पाळ्या चावणारी.
एका पेशंटमागे एकच पास,
बाकीचे कडुनिंबाखाली,
खताच्या पोत्यांवर, पुठ्ठ्यांवर,
एक्स-रेचा लिफाफा उशाला.
कुणी विटा मांडून भात शिजवत होतं,
वॉचमनची शिट्टी आली की भांडं पदराआड.
मला ती उतारशाळा आठवली, कुठून कोण जाणे,
आणि तिच्या दारावरचा माणूस.
त्यालाही वरून तसंच सांगितलं असेल,
आत जागा नाही म्हणून.

पोरं पुढं जाऊन म्हणत होती,
"शांती असो, काका." "शांती असो, मावशी."
माझी जीभ त्या शब्दाशी अडली.
तुम्ही शब्द द्या रे, मी चहा देते.
कप, तोटी. कप, तोटी.

भिंतीशी एक म्हातारा उकिडवा बसलेला.
चहा घेतला, सावकाश फुंकला, मग विचारलं,
"तुमचं कोन हाये अंदर, बाई?"

पाच महिने मला सगळ्यांनी सांगितलं होतं,
तो कुठं आहे, कुणाजवळ आहे, किती सुखात आहे.
विचारलं नव्हतं कुणीच.
"होता," मी म्हणाले. "सतरा नंबरात. जुलैपर्यंत."
तो सरकला.
पोत्याची अर्धी जागा मोकळी झाली.

कोडापे. देवरीकडचे.
सून सातव्या महिन्यातच बाळंत झालेली,
नातू काचेच्या पेटीत, वजन एक किलो शंभर.
अजून पाहिला नाही, पास बायकोजवळ.
खिशातून त्यांनी संत्रं काढलं, बारकं, ढिल्या सालीचं,
सोललं, फोडी मोजल्या: दहा.
पाच माझ्या ओंजळीत.
"खा न. गोड निंगालं त तुमचं नशीब."
आंबटच होतं बाप्पा.
दोघांनी तोंडं सारखीच केली.

मग कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.
अँब्युलन्स आत आली.
वरच्या मजल्यावर एक बाळ किरकिरलं,
कोडाप्यांनी मान वर केली, मग खाली.
पेटीतल्या बाळाचा आवाज एवढ्या लांब येत नसतो,
त्यांनाही ठाऊक होतं.
मागे थर्मास एकटाच गळत राहिला, थेंब थेंब,
आणि मी उठले नाही.
शांतवन गेल्यापासून पहिल्यांदाच
मला कुठंही जायचं नव्हतं.

निघताना मी काय म्हटलं
ते मला त्यांच्या उत्तरावरून कळलं.
"असो, बाई," ते म्हणाले. "तुमालेबी असो."

सकाळी चर्चमध्ये
लोक एकमेकांचे हात हातात घेत होते.
लोईस काकूंनी माझा घेतला, मग नाकाशी नेला:
"काय गं, संत्र्याचा वास?"
हो, म्हटलं,
आणि वळले मागच्या बाकाकडं,
वास आहे तोवर.