चौथं स्मरणपत्र

लुनेनबर्ग. फेब्रुवारी. बंदर गोठलेलं.
टेबलावर मी आणि वेंडेलची बिलं.
तो सुतार, मी त्याची बायको आणि त्याची हिशेबनीस.
यातल्या एकाच कामाचा मला पगार आहे,
तोही कागदावर.

"श्रीमती कॉर्कम, आपल्याकडून येणे बाकी
अकरा हजार चारशे डॉलर."
तीन पत्रांत हेच वाक्य.
पहिल्यात 'कृपया' होतं, दुसऱ्यात 'नम्र आठवण',
तिसऱ्यात नुसती तारीख.
चौथ्यात वकिलाचं नाव टाकायचं ठरलंय.

घर पाहावं बांधून, खरं आहे;
पण जुनं घर पाहावं उघडून.
सिंकमागची भिंत काढली तर तुळईचा भुगा,
बोट लावलं की बोट आत.
दीडशे वर्षं समुद्राकडे तोंड करून उभं घर,
किती खारं वारं प्यायलंय, कोण सांगणार?
पंधरा ऑक्टोबर, म्हणाला होता वेंडेल.
म्हणताना भिंत बंद होती.

मग क्वेबेकहून कपाटं आली, दारं उलट्या हाताची.
मग नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार,
लॉबस्टरचा मोसम सुटला
आणि ड्वेन, आमचा एकुलता एक गडी,
भावाच्या बोटीवर निघून गेला.
त्याला तरी काय बोलणार?
समुद्र रोखीनं देतो,
आम्ही शनिवारी बघू म्हणतो.

आज तिचं उत्तर आलं.
वहीचं फाडलेलं पान, निळी शाई, वजावटीची यादी.

बावन्न दिवस भांडी न्हाणीघरातल्या टबात,
गुडघ्यांवर बसून. मलम: अडतीस डॉलर.
बाहेरचं जेवण: सहाशे बारा, पावत्या टाचलेल्या.
नव्या ओट्यावर ओरखडा, नखाएवढा: दोनशे.
(नखाएवढ्याचे दोनशे! मी मोठ्यानं म्हणाले,
ऐकायला फक्त मांजर होतं.)

आणि सगळ्यात खाली:
"दार रुंद झालं नाही, म्हणून ओवेन
चाकाच्या खुर्चीसकट नर्सिंग होममध्येच राहिला.
त्याला ओट्याशी बसून बोटी बघायच्या होत्या.
एकोणतीस नोव्हेंबर."
पुढे रक्कम नाही.
रकमेच्या जागी साधी रेघसुद्धा नाही.

दार सहा डिसेंबरला झालं. छत्तीस इंच,
दोन्ही अंगांनी बिनचूक.
वेंडेल मला काही बोलला नव्हता.
त्या आठवड्यात एकदा काळा कोट घालून गेला होता,
मीही विचारलं नाही;
नवं काम बघायला जाताना तो तोच घालतो.

माझ्या चौथ्या पत्राशेजारी लाकूडवाल्याचं पत्र आहे,
त्याचं तिसरं. त्यातही 'कृपया' उरलेलं नाही.

मी पेन्सिल घेते.
अकरा हजार चारशेतून साडेआठशे वजा,
ओरखड्यासकट, जाऊ दे.
दहा हजार पाचशे पन्नास.
पुन्हा बेरीज करते. तेवढेच.
माझ्या वहीत येणे आणि देणे, एवढेच रकाने,
आणि ती शेवटची ओळ कुठल्याच रकान्यात
मावत नाही.

फोन लावते.
चौथ्या घंटेला ती उचलते,
कोण म्हणून विचारत नाही.
"खालून तिसरा खण अजून अडकतो," म्हणते.
"पाठवते त्याला," मी म्हणते, "उद्याच."
"उद्या म्हणजे कधी?"
"सकाळी आठ."
ती श्वास घेते, की हसते, कळत नाही.

पैशाचं राहूनच जातं.